शंभर गुणांचे मांजर

१८७१ सालच्या जुलै महिन्याच्या १३ तारखेस लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसकडे जाणाऱ्या आगगाडीत हॅरिसन वेअर नावाचे एक सत्तेचाळीस वर्षांचे चित्रकार बसले होते, आणि त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. त्या दिवशी त्या काचेच्या महालात मांजरांचे प्रदर्शन भरावयाचे होते. कल्पना त्यांची, वर्गवारी त्यांची, बक्षिसांची याद त्यांची, आणि परीक्षकांतही तेच प्रमुख. पुढे अठरा वर्षांनी लिहिलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी त्या प्रवासातील मनःस्थिती मोठ्या प्रांजळपणे सांगितली आहे. मांजरे पुरेशी येतील की नाही, आली तर पिंजऱ्यात राहतील कशी, सुटकेसाठी आक्रोश मांडतील की अन्नपाणी सोडून रुसून बसतील, अशा नाना शंकांनी ते व्याकूळ झाले होते. प्रत्यक्षात महालात शिरून पाहतात तो सर्वत्र शांतता! किरमिजी रंगाच्या गाद्यांवर मांजरे सुखाने पहुडली होती, कोणी दूध पीत होती, कोणी आंग चाटीत होती, आणि पिंजऱ्या-पिंजऱ्यांतून घुरघुर ऐकू येत होती. सुमारे १७० मांजरे त्या दिवशी जमली होती. पाहण्यास लोटलेल्या लोकांची दाटी मात्र इतकी झाली की, पिंजऱ्यापर्यंत पोहोचणे कठीण पडावे.

कोणी एका विलायती गृहस्थाने मांजरांचे प्रदर्शन भरविले, यात निबंध लिहिण्यासारखे ते काय, असे आमच्या कित्येक वाचकांस वाटेल. तसे वाटणे साहजिक आहे. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. परंतु वेअरसाहेबांचे पुढील चरित्र पाहता ही गोष्ट केवळ करमणुकीची राहत नाही. ज्याची कोणी किंमत करीत नाही त्याला बक्षीस देऊन त्याच्याविषयी लोकांच्या मनात माया उत्पन्न करता येते काय? आणि येत असेल तर ती माया त्याच्यावर बसते की बक्षिसावर? हा प्रश्न या मनुष्याने आपल्या आयुष्याची वीस वर्षे खर्चून स्वतःला विचारला, आणि त्याचे जे उत्तर त्यास मिळाले ते सुखाचे नव्हते.

वेअर यांचा हेतू समजण्यास त्या काळी युरोपात मांजराची अब्रू काय होती हे ध्यानी घेतले पाहिजे. बेल्जममधील ईप्र शहरी घंटाघराच्या उंच मनोऱ्यावरून जिवंत मांजरे खाली फेकण्याचा उत्सवी प्रघात होता, आणि तो १८१७ पर्यंत चालू होता. (आज त्याच शहरात त्याच उत्सवात कापडी मांजरे फेकतात व पोरे ती झेलण्यास धावतात.) पॅरिसमध्ये सेंट जॉनच्या सणाच्या होळीत मांजरे पोत्यात कोंडून जाळीत, आणि १६४८ साली त्या होळीस बालराजा चौदावा लुई स्वतः हजर होता. एकोणिसाव्या शतकात असले उघड क्रौर्य मागे पडले होते खरे. परंतु तिरस्कार जाऊन त्याच्या जागी उपेक्षा आली होती, एवढेच. उंदीर मारण्यापुरते मांजर घरात असावे, त्याने चुलीपाशी बसावे, आणि पोरांनी त्यास दगड मारले तर त्यात विशेष काही नाही, अशी सर्वसाधारण समजूत होती.

आपल्याकडे तरी याहून फार निराळे काय आहे? मांजर आडवे गेले की आपण दोन पावले थांबतो. ढोंगी मनुष्यास मनुस्मृतीने 'बैडालव्रतिक' हे नाव देऊन ठेवले आहे. आणि डोळे मिटून दूध पिण्याचा आरोप तर त्या बिचाऱ्या प्राण्यावर रोज होतो. एका बाजूस षष्ठीदेवीचे वाहन म्हणून त्याला मान आहे, आणि मांजर मारणाऱ्याने सोन्याचे मांजर दान करावे हा वडिलांचा धाकही आहे. परंतु या धाकाने मांजराचा जीव वाचतो. त्याच्याकडे कोणी डोळे भरून पाहावे असे त्यात काही नाही.

कुत्र्याचे तसे नव्हते. न्यूकॅसल येथे १८५९ सालीच शिकारी कुत्र्यांचे प्रदर्शन भरले होते. कोंबड्या व कबुतरे यांचे शौकीन तर त्याहीपूर्वीपासून स्पर्धा लावीत. मांजर मागे का राहिले याचे कारण त्याच १८५९ साली डार्विनने आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात जाता जाता सांगून ठेवले आहे. मांजर रात्रीचे भटकते; त्याची जोडी मनुष्याच्या इच्छेने जुळविता येत नाही; म्हणून बायकामुलांचे इतके लाडके असूनही त्याची निराळी जात टिकवून धरलेली क्वचितच दिसते, असा त्याचा अभिप्राय आहे. आम्हांस हे विधान फार अर्थपूर्ण वाटते. गाय, घोडा, कुत्रा यांची लग्ने माणसाने हजारो वर्षे ठरविली. मांजराने मात्र माणसाच्या घरात राहून, माणसाचे दूध पिऊन, आपला संसार कौलांवर व कुंपणांवर स्वतःच्याच मर्जीने केला. आमच्या पाळीव प्राण्यांपैकी हा एकच असा की, त्याने आपले लग्न आमच्या हाती दिले नव्हते. ते आमच्या हाती आले ते प्रदर्शनाच्या द्वारे.

असो. वेअर हे पशुपक्ष्यांची चित्रे काढून पोट भरणारे, सूक्ष्म दृष्टीचे आणि कोमल अंतःकरणाचे गृहस्थ होते. त्यांना मांजर सुंदर दिसे, आणि जे आपणांस दिसते ते लोकांस का दिसू नये, ही त्यांची तळमळ होती. त्यांचे बंधू जॉन जेन्नर वेअर हेही परीक्षक होते; पक्षी व कीटक यांच्या रंगांविषयी त्यांचा डार्विनशी पत्रव्यवहार चाले. तिसरे परीक्षक रेव्हरंड मॅक्डोना हे पाद्री असून कुत्र्यांचे नामांकित शौकीन होते. म्हणजे एक चित्रकार, एक निसर्गशास्त्राचा अभ्यासक आणि एक धर्मोपदेशक, अशा त्रिमूर्तीने मांजराच्या सौंदर्याचा पहिला मोठा निवाडा केला. वेअरसाहेबांच्या कनवाळूपणाची एक खूण आम्हांस विशेष आवडते. मजूरवर्गाच्या मांजरांसाठी त्यांनी निराळी बक्षिसे ठेविली होती. श्रीमंताच्या दिवाणखान्यातील लांब केसांच्या मांजरापुढे गिरणीकामगाराच्या घरच्या मांजराचा निभाव लागणार नाही हे त्यांस ठाऊक होते, आणि ते मांजरही कोणाच्या तरी मायेचे आहे हेही ठाऊक होते.

त्या दिवशीच्या पिंजऱ्यांपैकी तीन आमच्या डोळ्यांपुढे राहतात. पहिल्यात वेअर यांची स्वतःचीच, सुमारे चौदा वर्षांची 'ओल्ड लेडी' नावाची पट्टेरी मांजरी होती; तिला आपण म्हाताऱ्या आजीबाई म्हणू. दुसऱ्यात सयाम देशाहून आलेली मांजरे होती. शरीर फिकट, तोंड, कान व पंजे काळे, डोळे निळे. असले ध्यान इंग्रजांनी पूर्वी पाहिले नव्हते, आणि एका वार्ताहराने हे दुःस्वप्नात दिसावे तसले अनैसर्गिक मांजर आहे असा शेरा मारला. तिसरे मांजर सदरलंडच्या ड्यूकने स्कॉटलंडातून पाठविलेले रानमांजर होते. सापळ्यात सापडून त्याचा पुढचा पाय जखमी झालेला, आणि त्याचा संताप असा की, जवळ जाण्याची कोणाची छाती होईना. बाकीची मांजरे गादीवर घुरघुरत असता हे एकटे मात्र आपण कोठे आलो आहोत हे बरोबर ओळखून होते, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. परंतु मोहच तो. गादीवरची मांजरेही खोटी नव्हती. ती खरोखरच सुखात होती.

प्रदर्शन यशस्वी झाले, पुन्हापुन्हा भरू लागले, इतर शहरांतूनही पसरले. १८९५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मोठे प्रदर्शन भरले व 'कोझी' नावाच्या एका तपकिरी पट्टेरी मांजरास रुप्याचा पट्टा मिळाला. परंतु आपला विषय वेअरसाहेबांचा आहे. १८८९ साली त्यांनी मांजरांविषयीचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यात निरनिराळ्या प्रकारच्या मांजरांसाठी गुणांची कोष्टके दिली. डोक्याला इतके, डोळ्यांना इतके, अंगकाठीला इतके, शेपटीला इतके. आणि बेरीज शंभर. त्या आधी दोन वर्षे, १८८७ साली, इंग्लंडात 'नॅशनल कॅट क्लब' स्थापन झाला होता व वेअर त्याचे पहिले अध्यक्ष होते. मांजरांची वंशावळ लिहून ठेवण्याची वही उघडली गेली. ज्याचा बाप कोण हे कौलांखेरीज कोणास ठाऊक नसे, त्याचे पणजोबा आता कागदावर आले!

आणि मग १८९२ च्या सुमारास वेअर यांनी आपल्याच हातांनी उभारलेल्या या कामातून आंग काढून घेतले. कारण त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. मांजराचे कल्याण साधण्यापेक्षा बक्षिसे मिळविणे, आणि त्यातही आपल्या मंडळाची पदके मिळविणे, हाच अनेक सभासदांचा मुख्य हेतू झाला आहे, असे त्यांस दिसून आले. वीस वर्षांपूर्वी आगगाडीत बसून मांजरे काय करतील याची चिंता करणाऱ्या या मनुष्याने माणसे काय करतील याची चिंता केली नव्हती.

येथे वेअरसाहेबांचा कैवार घेऊन लोभी सभासदांस दोष देणे फार सोपे आहे. परंतु आमचे मन तेवढ्याने भरत नाही. त्यांच्याच पुस्तकात त्यांनी आपला मूळ उद्देश सांगितला आहे तो असा: मांजरांच्या निरनिराळ्या जाती, रंग आणि ठिपके-पट्टे यांकडे लोकांनी अधिक लक्ष द्यावे, म्हणजे शेकोटीपुढे बसणाऱ्या घरच्या मांजरात आजवर जोपासना न झाल्यामुळे जे सौंदर्य अज्ञात राहिले आहे ते प्रकट होईल व त्याच्या धन्यास ते अधिक प्रिय होईल. हे वाक्य हृदयातून आलेले आहे यात शंका नाही. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे. मांजर आज आहे तसे पुरेसे प्रिय होण्याजोगे नाही. त्यास थोडे सुधारले पाहिजे, मग लोक त्याच्यावर प्रेम करतील! दयेतून निघालेल्या या एका पायरीवरूनच पुढचा सारा उतार सुरू होतो. ज्या क्षणी आम्ही म्हणतो, 'याच्यात अमुक असेल तर हे अधिक आवडेल,' त्या क्षणी त्या अमुकाचा आम्हांस ध्यास लागतो, आणि ज्याच्यात ते असावयाचे तो प्राणी त्या अमुकाचे भांडे होऊन बसतो. पदकलोभी सभासदांनी वेअर यांचे कोष्टक विकृत केले नाही. त्यांनी ते मन लावून पाळले.

याचा परिणाम काय झाला हे पाहण्यास प्रदर्शनांच्या पुढील शंभर वर्षांकडे वळले पाहिजे. सयामी मांजर घ्या. १८७१ साली जे दुःस्वप्न होते ते थोड्याच वर्षांत मोठ्या घरची शोभा झाले. प्रथम आलेल्या या मांजरांचे डोके बरेच गोल असे. कित्येकांचे डोळे तिरळे व शेपटीस गाठ असे. तिरळेपणा व गाठ हे दोष ठरवून पैदास करणाऱ्यांनी ते काढून टाकण्याची खटपट केली. मग निमुळते तोंड हा गुण ठरला, म्हणून तोंड अधिक निमुळते झाले, मग त्याहून निमुळते. आजचे प्रदर्शनातील सयामी मांजर पाचरीसारख्या तोंडाचे व वटवाघळासारख्या कानांचे झाले आहे. पर्शियन मांजराचे उलट. वेअर यांनी स्वतः काढलेल्या चित्रांतील लांब केसांच्या मांजरांस चांगले नाक आहे. पुढे गोल चेहरा व आखूड नाक हा गुण ठरला, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाक इतके आखूड झाले की, ते दोन डोळ्यांच्या मधोमध जाऊन बसले. अमेरिकेतील एका मोठ्या संस्थेच्या कोष्टकात पर्शियन मांजराच्या शंभरांपैकी तीस गुण एकट्या डोक्याला आहेत. अशा सपाट तोंडाच्या मांजरांचे अश्रू नाकात उतरण्याची वाट वाकडी होते, म्हणून त्यांच्या डोळ्यांतून सतत पाणी वाहते. श्वास घेताना कष्ट पडतात. विणे अवघड जाते. धन्याने रोज कापूस घेऊन ते डोळे पुसावे लागतात. तो प्रेमाने पुसतो, हे आम्ही नाकारीत नाही.

याहून स्पष्ट उदाहरण स्कॉटलंडातले. १९६१ साली पर्थशायरमधील एका शेतावर 'सूझी' नावाची पांढरी मांजरी एका धनगराच्या दृष्टीस पडली. तिचे कान पुढे दुमडलेले होते, त्यामुळे तोंड घुबडासारखे गोल व गोजिरवाणे दिसे. तिच्यापासून 'स्कॉटिश फोल्ड' नावाची जात निघाली. आज या जातीची जेवढी मांजरे आहेत ती तिच्याच वंशातली. परंतु कान दुमडण्याचे कारण कूर्चेतील व्यंग हे होते, आणि कूर्चा काही कानापुरती नसते. सांध्यांतही तेच व्यंग असते. शेपटी व मागचे पाय ताठरतात, आणि चालणे दुःखाचे होते. ब्रिटनमधील प्रमुख संस्थेने १९७० नंतर लौकरच या जातीची नोंदणी बंद केली. अमेरिकेने मात्र १९७८ साली तिला प्रदर्शनात पूर्ण मानाचे स्थान दिले. नेदरलँड्ससारख्या देशात अशी पैदास करण्यास कायद्याने बंदी आहे. इतरत्र मागणी चालूच आहे. हे मांजर फार उड्या मारीत नाही, शांत बसते, स्वभावाने गरीब आहे, अशी त्याची वाखाणणी होते. पाय दुखणारा मनुष्यही शांतच बसतो!

आणि हे सर्व अज्ञानाने घडले असेही म्हणता येत नाही. पांढरे शुभ्र मांजर निळ्या डोळ्यांचे असले तर ते बहुधा बहिरे असते, ही गोष्ट डार्विनने पूर्वीच नोंदविली होती. तरी पांढऱ्या मांजराच्या निळ्या डोळ्यांचे कौतुक प्रदर्शनांतून पुढेही होतच राहिले. डोळे पिंजऱ्याबाहेरून दिसतात; बहिरेपणा दिसत नाही. (या हौसेची एक निरुपद्रवी बाजूही वाचकांस सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या केंटकी संस्थानात १९५० नंतर काळ्या कुळकुळीत मांजरांची एक जात मुद्दाम तयार करण्यात आली व तिचे नाव ठेविले 'बॉम्बे'. हिंदुस्थानातील काळ्या बिबळ्यासारखी ती दिसते म्हणून हे नाव. आपल्या मुंबईचे पाणी तिच्या सात पिढ्यांत कोणी प्यालेले नाही.)

आता दुसरी बाजू. प्रदर्शनांनी मांजराचे काहीच भले केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. लुई वेन या चित्रकाराची हकीकत प्रसिद्ध आहे. त्याची पत्नी असाध्य दुखण्याने अंथरुणास खिळली असता तिच्या करमणुकीसाठी तो घरच्या 'पीटर' नावाच्या मांजराची चित्रे काढू लागला. ती १८८७ साली वारली. परंतु त्या चित्रांतून पुढे साऱ्या इंग्लंडास हसविणारी मांजरांची एक सृष्टीच निर्माण झाली. वेअर यांच्यामागून हा वेनच नॅशनल कॅट क्लबचा अध्यक्ष झाला, आणि आपल्या देशात मांजराविषयी असलेली तुच्छता पुसून टाकणे हे तो आपले कार्य समजत असे. ती तुच्छता बरीचशी पुसली गेली, यात शंका नाही. ज्या जनावराचे पोट दुखले तर कोणी विचारीत नसे, त्याच्यासाठी आता स्वतंत्र वैद्यक झाले आहे. ब्रिटनमधील प्रदर्शनात मांजर आत घेण्यापूर्वी पशुवैद्य ते तपासण्याचा प्रघात पडला. तेथे सर्व पिंजऱ्यांत पांढरेच पांघरूण व पांढरीच भांडी ठेवावी लागतात, आणि पिंजऱ्यावर धन्याचे नाव न लिहिता केवळ क्रमांक असतो, हेतू हा की, परीक्षकास मालकाची श्रीमंती दिसू नये. इतकी निःपक्षपाती परीक्षा आमच्या मुलांचीही होत नाही.

आमच्या मुलांचे नाव सहज निघाले. परंतु निघाले ते बरे झाले. शंभरांची कोष्टके काही फक्त मांजरांसाठी केलेली नाहीत. मुलाला नव्वद गुण मिळाले म्हणजे बापाच्या चेहऱ्यावर जे तेज चढते ते मुलाच्या प्रेमाचे की नव्वदाचे, याचा निवाडा त्या बापास तरी करता येईल काय? मुलगी पाहण्याचा समारंभ आठवा. चार तिऱ्हाईत माणसे बैठकीत बसली आहेत; मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन येते; कोणी रंग पाहतो, कोणी उंची पाहतो, कोणी चालून दाखव म्हणतो. यात बहुधा कोणी दुष्ट नसतो. मुलीच्या आईबापांसही तिचे चांगलेच व्हावे असे वाटत असते, आणि चांगले होण्याचा मार्ग या परीक्षेतूनच जातो अशी त्यांची खात्री असते. वेअरसाहेबांचीही तशीच खात्री होती.

मग गुणांची पारख करूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. पारख केल्यावाचून जग चालत नाही. आणि सुंदरास सुंदर म्हणण्यात पाप नाही. आमचा आक्षेप इतकाच की, पारख ही मायेची पूर्वतयारी आहे, ही समजूत चुकीची आहे. माया पारखीच्या वाटेने येत नाही. ती बहुधा सहवासाच्या वाटेने, पुष्कळदा नकळत, आणि काही वेळा आपल्या इच्छेविरुद्धही येते. आमच्या घरी एका पावसाळ्यात भिजलेली, करड्या रंगाची, एक कान फाटलेली मांजरी पडवीत येऊन बसली. दोनदा तिला हाकलले. तिसऱ्यांदा आईने वाटीत दूध घातले. तिचे नाव अर्थातच मनी. पुढे काही वर्षांनी आमचा भाचा मुंबईहून आला होता. त्याने हौसेने दाम मोजून पर्शियन मांजर आणलेले, त्यामुळे या विषयात तो जाणता झाला होता. मनीकडे निरखून पाहत त्याने विचारले, "आजी, ही कोणत्या जातीची?" आई तांदूळ निवडीत होती. ती म्हणाली, "जात कसली रे विचारतोस? आपल्या घरची आहे ती." भाचा हसला, आणि आम्हीही हसलो. परंतु त्या उत्तरात कोष्टकातील एकही रकाना भरला गेला नव्हता, आणि विचारलेल्याचे उत्तर मात्र पुरते मिळाले होते, हे पुढे कधीतरी आमच्या ध्यानी आले.

मांजराला मान देण्याचा प्रदर्शनाच्या अगदी उलट असा एक प्रकार आपल्या पुण्याजवळ घडल्याचे सांगतात. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट हे १८३८ साली दापोडी येथील सरकारी बंगल्यात वारले. सर टॉमस गॉर्डन या सेनाधिकाऱ्याने १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहिले आहे की, त्या दिवशी संध्याकाळी बंगल्याच्या पुढच्या दारातून एक मांजर बाहेर पडून, साहेब ज्या वाटेने फिरत असत त्याच वाटेने येरझारा घालताना पहाऱ्यावरील हिंदू शिपायाने पाहिले. साहेबांचाच आत्मा या देहात आला, असा निर्णय झाला. परंतु ते मांजर नेमके कोणते, हे कोणास सांगता येईना. बंगल्यावर मांजरे अनेक. तेव्हा शिपायांनी तोड काढली ती अशी की, अंधार पडल्यावर पुढच्या दाराने जे कोणते मांजर बाहेर पडेल त्यास गव्हर्नर समजून बंदूक सावरून सलामी द्यावी. पहाऱ्याच्या बदलीबरोबर ही ताकीद पुढच्या शिपायास मिळत गेली, आणि पंचवीस वर्षे हा क्रम चालला.

गोष्ट गोऱ्या अधिकाऱ्यांच्या करमणुकीसाठी सांगितली गेली आहे, आणि तिला तिखटमीठ लागले असावे असा आमचा संशय आहे. गॉर्डनसाहेब ती सांगतात ती शिपायांच्या भोळेपणाचा नमुना म्हणून. आम्हांस मात्र त्या शिपायाचे हसू येत नाही. कोणते मांजर मोठ्या पदवीचे आहे हे ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते, आणि ते नव्हते म्हणून लंगडे, खरजेले, कुबट, जे बाहेर येईल त्याच्यापुढे तो ताठ उभा राहिला. वेअरसाहेबांना साऱ्या मांजरांसाठी जे पाहिजे होते ते दापोडीच्या अंगणात अडाणी समजुतीने घडून गेले होते. अर्थात् यात मांजराकडे पाहणे मुळीच नव्हते. शिपाई सलामी देत होता ती गव्हर्नरास, आणि गव्हर्नराची भीती गेली असती तर कदाचित त्याच बंदुकीच्या दस्त्याने त्याने त्या मांजरास हाकलले असते. डोळसपणा एकीकडे आणि आदर दुसरीकडे, ही फारकत तेथेही होतीच.

अलीकडे बहुतेक प्रदर्शनांत घरगुती मांजरांचा एक निराळा वर्ग असतो. त्यात वंशावळ लागत नाही, जात लागत नाही. कानाचा आकार अमुक व नाकाची लांबी अमुक असे लेखी प्रमाणही नाही. मांजर निरोगी असावे, स्वच्छ असावे, माणसाच्या हातात ते निर्भय असावे, एवढेच पाहावयाचे. अमेरिकेतील पद्धतीप्रमाणे परीक्षक मांजरास पिंजऱ्यातून काढून आपल्यापुढील मेजावर ठेवतो, हाताने चाचपतो, पिसाच्या काडीने खेळवून पाहतो. जातिवंत मांजराच्या वेळी त्याच्या मनात कोष्टक असते. या वर्गात ते नसते, तरी पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम त्यास लावावेच लागतात, कारण फीत पहिल्या क्रमांकाची एकच असते. वेअरसाहेबांची मजुरांच्या मांजरांची बक्षिसे आम्हांस येथे आठवतात. ज्याच्यापाशी प्रमाण नाही अशा परीक्षकाने त्या क्षणी नेमके काय पाहावे, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. समोरचे करडे, फाटक्या कानाचे मांजर मात्र मेजाच्या कडेवर बसून पंजा चाटीत असते, आणि पिंजऱ्यापाशी उभी असलेली एखादी लहान मुलगी आपल्या मांजराकडे न पाहता परीक्षकाच्या तोंडाकडे पाहत असते.